न पाहण्याची चार वर्षे

“‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं, सांगा तुम्ही?”

हा प्रश्न मला एका बाईंनी त्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्याकडे तोंड करून भांडी विसळत असताना विचारला. त्यांचे यजमान बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले होते आणि मधल्या दाराला पडदाही नव्हता. प्रश्न खरे तर त्यांच्यासाठीच होता. मी आलो म्हणून तो मला विचारला गेला इतकेच. दोन देशांच्या न्यायालयांनी दहशतवादाच्या आणि टोळ्यांच्या गुन्ह्यांत परस्परांना साहाय्य कसे करावे, हा माझ्या अध्यापनाचा विषय आहे. करारातली कलमे मी त्यांना सांगू शकलो असतो. पण त्या बाईंनी, म्हणजे वहिनींनी, कलम विचारले नव्हते.

ज्यांच्याविषयी प्रश्न होता त्या यजमानांना सगळे टोकनदादा म्हणत. शहराच्या मुख्य बसस्थानकातले सामानघर त्यांच्या ताब्यात होते. पत्र्याने मढवलेला लांब ओटा, त्यामागे छताला भिडलेल्या लोखंडी मांडण्या, आणि भिंतीवर खिळ्यांच्या रांगा. प्रत्येक खिळ्याला पितळी टोकनांची एकेक जोडी लटकलेली असे. जोडीतले एक टोकन सामानाला बांधायचे, दुसरे प्रवाशाच्या हाती द्यायचे. टोकनाशिवाय ओट्यावरून काडीही आत जात नसे. एकदा स्थानकप्रमुख स्वतःची छत्री ठेवायला आले, तर त्यांनाही टोकन घ्यावे लागले, आणि ते हरवल्यावर संध्याकाळी छत्रीचे वर्णनही द्यावे लागले.

याच सामानघरात त्यांचा मेहुणा, म्हणजे वहिनींचा सर्वांत धाकटा भाऊ, हमाली सांभाळत असे. वय तिशीपलीकडचे, मिशी भरघोस, खांदे बैलासारखे. पण घरचे सगळे त्याला शेंडेफळ म्हणत आणि स्थानकावरही तेच नाव रूढ झाले होते. ओट्याशी रांग लागली की त्याची जीभ सुटे. “आमच्या भावोजींनी लग्नात ताईला टोकन दिलं होतं, ठाऊक आहे का? म्हणाले, जपून ठेव, हरवलंस तर दुसरं मिळणार नाही.” रांग हसे. टोकनदादा न हसता पुढच्या बॅगेला दोरा बांधत.

२००४ च्या वसंतातल्या एका सकाळी एक माणूस राखाडी रंगाची जड बॅग घेऊन आला. त्याने ती ओट्यावर ठेवली, टोकनदादांनी दोरा बांधला, आणि टोकन पुढे करेपर्यंत तो माणूस दाराकडे निघालाही होता. टोकन न घेता जाणारे गिऱ्हाईक त्यांनी इतक्या वर्षांत पाहिले नव्हते. “अहो, टोकन!” त्यांनी हाक मारली. तो वळला नाही. “अहो, तुम्हालाच! बॅग काय दान करून चाललात?” रांगेतली माणसे हसली. आता न वळणे अधिक विचित्र दिसले असते. तो वळला, दारातून येणाऱ्या उन्हात उभा राहिला, परत ओट्याशी आला. डाव्या भुवईत एक खाच, वरचा ओठ पातळ, कान डोक्याला चिकटलेले. त्याने टोकन घेतले, “आभारी आहे” म्हणाला, आणि गेला.

शेंडेफळाने बॅग उचलून मागच्या मांडणीकडे नेली. स्फोट झाला तेव्हा टोकनदादा एका म्हाताऱ्या बाईंना फलाट दाखवायला बाहेर आले होते, म्हणून ते वाचले. चौदा माणसे गेली. ओट्यासमोरची रांग गेली, शेंडेफळ गेला. त्या माणसाचा चेहरा उजेडात, हाताच्या अंतरावरून पाहिलेला एकच डोळस साक्षीदार उरला.

स्फोट कोणी घडवला हे पोलिसांना वर्षभरात कळले होते. सीमेच्या दोन्ही बाजूंना शस्त्रे विकणारी, खंडणी गोळा करणारी आणि मोबदला मिळाल्यास कुणाचेही राजकारण स्फोटांनी पुढे नेणारी ती टोळी होती. बॅग ठेवणारा मात्र सापडत नव्हता. २००९ साली तो शेजारच्या देशात दुसऱ्याच कारणाने पकडला गेला. त्याला ताब्यात द्यावे, अशी विनंती इकडून गेली. तिकडून उत्तर आले: आमच्या न्यायाधीशासमोर, दूरदृश्य पडद्यावरून का होईना, साक्षीदाराने आमच्या पद्धतीने त्याला ओळखले पाहिजे, मगच विचार करू.

ही बातमी घेऊन सरकारी वकीलबाई स्वतः घरी आल्या. हुशार आणि कामसू, पण सतत थकलेल्या दिसणाऱ्या बाई. पाणी पिऊन होताच त्या म्हणाल्या, “दादा, एक विचित्र गोष्ट मागायला आले आहे. आजपासून त्याचा चेहरा तुम्ही पाहायचा नाही. फोटोतसुद्धा नाही.”

“तो पकडलाय ना? मग मी नको तर कुणी बघायचं?”

“तिकडचा नियम कडक आहे. त्याच्यासारखी दिसणारी सात माणसं त्याच्याबरोबर उभी करतील. त्याआधी तुम्ही त्याला एकटं पाहिलं असेल, किंवा त्याचा फोटो पाहिला असेल, तर ओळख बाद. तुम्ही स्फोटाच्या दिवशीचा माणूस ओळखताय की फोटोतला, हे मग सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आपल्या लोकांनी तुम्हाला काही दाखवलेलं नाही ना?”

“नाही. रेखाचित्र मीच काढून घेतलं होतं, तेवढंच.”

“ते चालेल. आता फक्त डोळे सांभाळायचे. सहा महिन्यांत होऊन जाईल.”

“सरकारी काम आणि सहा महिने थांब,” वहिनी म्हणाल्या. “म्हण काय उगीच पडली नाही.”

वकीलबाई ओशाळून हसल्या. ते सहा महिने चार वर्षे चालले.

चेहरा न पाहणे हे काम वाटते तितके सोपे नाही. वकीलबाई येऊन गेल्यावर अटकेची बातमी छायाचित्रासह सगळीकडे छापून आली आणि खटल्याची कुठलीही हालचाल झाली की ती पुन्हा छापली जाई. घरातले वर्तमानपत्र बंद झाले. दूरचित्रवाणी संच वहिनींच्या थोरल्या बहिणीकडे गेला. न्हावी दादांची खुर्ची भिंतीकडे वळवी आणि आपल्या दूरचित्रवाणीच्या पडद्यावर टॉवेल टाकी, इतर गिऱ्हाइके कुरकुरली की म्हणे, “दहा मिनिटं दम धरा, देशाचं काम चाललंय.” चहाच्या टपरीवर जुन्या वर्तमानपत्रात बांधून खाणे मिळे, तर टपरीवाला दादांना कोऱ्या कागदात देई.

पंचाईत झाली ती खुद्द बसस्थानकावर. पोलिसांच्याच एका शाखेने टोळीच्या इतर फरारी माणसांसाठी भित्तिपत्रक लावले आणि त्यात पकडलेल्याचाही चेहरा छापला, तो नेमका सामानघराच्या वाटेवर. सामानघरातल्या सहकाऱ्यांनी त्यावर साबणाच्या जाहिरातीचा कागद चिकटवला. दुसऱ्या दिवशी हवालदार दरडावत आला की सरकारी सूचना झाकणे गुन्हा आहे. तपास शाखा एक, भित्तिपत्रक शाखा दुसरी, आणि दोघींची गाठ पडण्याचा योग कुंडलीत नसावा. शेवटी वहिनी रोज सकाळी स्थानकापर्यंत येऊ लागल्या. त्या कोपराला धरत, दादा मान खाली घालून डोळे मिटत, आणि ते भित्तिपत्रक दोघे मिळून ओलांडत. नव्या हमालांना वाटे, बिचारे आंधळे आहेत.

ती थट्टा फार दिवस थट्टा राहिली नाही. २०१० मध्ये दादांना कडेने येणारी माणसे अंगावर आल्यावरच दिसू लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. नजर कडांकडून आत आत सरकत जाते, गेलेली परत येत नाही. थेंबांनी वेग कमी होईल, इतकेच. वहिनींनी तिथेच विचारले, “माणूस ओळखता येईल का?”

“आज येतोच की.”

“आजचं नाही विचारत. कोर्टाची तारीख लागेल तेव्हाचं विचारते.”

“तारीख कधी आहे?”

वहिनींना ते सांगता आले नाही. डॉक्टरांनी खांदे उडवले.

त्या दिवसापासून घरात एकच शर्यत सुरू झाली. एका बाजूला दादांची नजर, दुसऱ्या बाजूला दोन देशांची कार्यालये. मी पुढे या प्रकरणाचा सगळा पत्रव्यवहार पाहिला आहे. त्यात कुणी लाच घेतल्याचे वा कुणी मुद्दाम अडवल्याचे कुठेही दिसत नाही, आणि म्हणूनच तो वाचताना डोके फुटायची वेळ येते. पहिली विनंती परत आली, कारण भाषांतरकाराची सही होती, पण त्याने सही कुणासमोर केली ते लिहिले नव्हते. दुसरी विनंती तिकडच्या ज्या खात्याकडे गेली ते खाते मधल्या काळात दुसऱ्यात विलीन झाले होते. मग तिकडून हमी मागण्यात आली की आरोपीला फाशी दिली जाणार नाही. ही दोन ओळींची हमी आपल्याकडे वर्षभर रखडली. एका मंत्रालयाचे म्हणणे, आधी त्यांनी सही करावी, दुसऱ्याचे म्हणणे, आधी यांनी. एकदा तारीख मिळाली, तर त्या दिवशी आपल्याकडे सुट्टी. पुढची मिळाली, तर तिकडच्या न्यायाधीशांची दीर्घ रजा.

वहिनी दर महिन्याला वकीलबाईंच्या कचेरीत जाऊन बसत. एकदा वकीलबाईंचाच बांध फुटला. “ताई, मी इथून एक कागद पाठवते. तो आधी वर जातो. वरून आडवा पलीकडे जातो. पलीकडे वरून खाली येतो. उत्तर तसंच उलटं. आणि तो हरामखोर? तो सरळ गेला होता, एका मोटारीत बसून, दुपारच्या जेवणाच्या आत.”

“मग त्याच मोटारीनं पाठवा कागद,” वहिनी म्हणाल्या.

वकीलबाई हसल्या आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. वहिनी सांगत, त्या दिवसानंतर मला त्या बाईंवर रागावताही येईना, म्हणजे तीही सोय गेली.

२०१३ च्या शरदात तारीख लागली, आणि या वेळी ती टिकली. दादांची नजर तेव्हा एखाद्या नळीतून पाहावे तशी झाली होती. नळीच्या मध्यात मात्र चित्र अजून स्वच्छ होते. डॉक्टरांनी लेखी दाखला दिला की समोरचा चेहरा हे ओळखू शकतात. पुढच्या वर्षी ओळखू शकतील असे मात्र सांगता येत नाही.

न्यायालयातला दूरदृश्य कक्ष एक यंत्रवाले पाहत. निवृत्तीला आलेले, काटेकोर, जरा बडबडे. मागे एका खटल्यात ऐन साक्षीत आवाज तुटला होता, तो ठपका त्यांना जिव्हारी लागला होता. दादांच्या डोळ्यांविषयी कळल्यावर त्यांनी प्रशिक्षण केंद्रातला मोठा पडदा हातगाडीवर घालून आणला, दिवे बदलले, खुर्ची किती अंतरावर ठेवावी हे खडूने आखून घेतले. कुणीही सांगितले नव्हते. माणूस भला होता.

आदल्या दिवशी दुपारी दादा-वहिनींना ओळखीचे कागद तपासायला बोलावले होते. वकीलबाई वरच्या मजल्यावर साहेबांकडे अडकल्या होत्या. दोघे बाकावर वाट पाहत बसले होते, तेवढ्यात यंत्रवाले कक्षाच्या दारातून डोकावले.

“दादा, दोन मिनिटं येता का आत? खुर्चीत बसून बघा, नीट दिसतंय की नाही. उद्या ऐन वेळी म्हणाल, धूसर आहे, मग माझी अब्रू जायची.”

दादा वहिनींकडे पाहू लागले.

“जा की,” वहिनी म्हणाल्या. “आजच बघून घ्या. उद्या गोंधळ नको.”

दादा खुर्चीत बसले. यंत्रवाल्यांनी कळ दाबली. पडद्यावर पलीकडच्या देशातली एक खोली उजळली: पांढरी भिंत, एक खुर्ची, खुर्चीत एक माणूस, आणि दिव्याचा कोन बदलणारा एक पहारेकरी. उजेड डोळ्यांवर आला तसा खुर्चीतल्या माणसाने हात आडवा धरला, मग हात खाली घेऊन तोंड इकडे वळवले.

“रंग ठीक आहे? कडा फाटत नाहीत ना?” यंत्रवाले तारांशी खटपट करत विचारत होते.

“हाच,” दादा म्हणाले.

“काय हाच?”

“बॅगवाला.”

यंत्रवाल्यांनी पडद्याकडे पाहिले, दादांकडे पाहिले, आणि भिंतीतली वायरच उपटून काढली.

घडले ते असे होते. पलीकडचे कर्मचारीही इतकेच काटेकोर निघाले होते. उद्या ज्या चेहऱ्यावर प्रकाश पडायचा आहे, तो नेमका त्याच चेहऱ्यावर मोजून घ्यावा, म्हणून त्यांनी आरोपीलाच खुर्चीत आणून बसवले होते. यंत्रवाल्यांना वाटले, तिकडचा कुणी शिपाई असेल. चार वर्षांत दोन्ही देशांची कामे पहिल्यांदाच एका क्षणी, एकमेकांशी जुळून, चोख झाली होती.

“दादा,” काळ्या पडद्यासमोर यंत्रवाले कुजबुजले, “मी काही दाखवलं नाही. तुम्ही काही पाहिलं नाही. माझी दोन वर्षं राहिलीत हो.”

बाहेर येऊन दादांनी कागद तपासून दिले. वकीलबाई घाईघाईत खाली आल्या, म्हणाल्या, “उद्या शांत राहा, दादा. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: घटनेनंतर याला पाहिलंय का? ‘नाही’ म्हणायचं, की पुढं सगळं सरळ.” दादांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, हे वकीलबाईंना आजही कळलेले नाही.

घरी पोचेपर्यंत वहिनींना सगळे कळले होते. त्या संध्याकाळचे बोलणे मला दोघांनीही वेगवेगळे सांगितले, आणि दोघांचे शब्द जवळजवळ सारखे होते.

“तुम्ही ओळखलंत ना त्याला?”

“ओळखलं.”

“कुणी सांगितलं होतं, हा तो म्हणून?”

“कुणी नाही.”

“मग यात खोटं कुठं आलं? ओळख खरी, माणूस खरा, गुन्हा खरा. एक ‘नाही’ तेवढं खोटं. तेही त्यांच्या मूर्ख नियमापायी.”

“शपथ घालतील.”

“घालू देत. पाप मला लागू दे. आत जा म्हणून मीच ढकललं तुम्हाला, तर तेही माझ्याच खात्यावर मांडा.”

“असं खातं बदलता येत नाही गं.”

“अहो, शेंडेफळ तुमचा कोण होता?”

थेंब घालायची वेळ झाली होती. रोजच्याप्रमाणे दादा मान मागे टाकून बसले आणि वहिनींनी दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. एक थेंब गालावर पडला तो त्यांनी पदराने टिपला. मग दोघेही न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी कक्षात दुभाषी, वकीलबाई, त्यांचे साहेब, दोन अधिकारी आणि मागच्या बाकावर वहिनी. पडद्यावर एक कृश, खोकणारे न्यायाधीश. आठ माणसे दाराबाहेर थांबवलेली आहेत, असे सांगण्यात आले. शपथ झाली. न्यायाधीशांनी कागदावरून प्रश्न वाचला आणि दुभाष्याने तो दिला: “घटनेच्या दिवसानंतर आजपर्यंत आपण आरोपीस, अथवा त्याच्या छायाचित्रास, पाहिले आहे काय?”

वकीलबाई पेनाचे टोपण काढून पुढच्या प्रश्नावर आल्याही होत्या.

“हो,” दादा म्हणाले.

दुभाष्याने आधी एकदा दादांकडे पाहिले. दादांनी मान हलवली. मग त्याने तो शब्द पलीकडे दिला.

“केव्हा?”

“काल.”

“कुठे?”

“इथंच. याच खुर्चीतून. दिव्याची चाचणी चालली होती.”

“तो एकटाच होता?”

“एकटाच. एक पहारेकरी होता.”

मागच्या बाकावरून वहिनी उठल्या आणि बाहेर गेल्या. दार आपोआप मिटणारे होते, त्यामुळे ते आपटण्याचेही समाधान त्यांना मिळाले नाही.

आरोपीच्या वकिलांनी बोलायला तोंड उघडण्याआधीच सगळे संपल्यात जमा होते. तरी दादांनी एकदा विनवणी केली. “साहेब, एवढं ऐका. काल मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी आपणहून ओळखला. त्यांनी टोकन घेतलं नव्हतं म्हणून मी हाक मारली होती, ते उन्हात उभे होते.” त्या विनवणीतही त्यांनी आरोपीला ‘ते’ म्हटले, प्रवाशांशी बोलायची सवय. न्यायाधीशांनी सगळे ऐकून घेतले, खोकले, आणि दुभाष्यामार्फत म्हणाले की न्यायालयाला साक्षीदारावर अविश्वास नाही. पण कालचे दर्शन आणि तेव्हाचे दर्शन आता वेगळे करता येत नाही, तेव्हा ओळखीची कार्यवाही होणार नाही. साक्षीदाराच्या प्रामाणिकपणाची नोंद घेण्यात येत आहे. पडदा बंद झाला. बाहेर थांबवलेली आठ माणसे आतच आली नाहीत.

वकीलबाईंनी जिन्यात दादांना गाठले. “मला काल का नाही सांगितलंत? मी तारीख तरी मागितली असती!”

“पुढच्या तारखेला त्यांनी विचारलं नसतं का?”

“विचारलं असतंच.”

“मग?”

वकीलबाई पायरीवरच बसल्या. त्या भडकल्या होत्या, पण कुणावर भडकायचे हे त्यांना सापडत नव्हते. यंत्रवाल्यांनी त्याच दुपारी आपण होऊन सगळे लिहून दिले. त्यांची बदली जुन्या सामानाच्या कोठारात झाली. महिन्याभराने ते दादांच्या घरी माफी मागायला आले तेव्हा वहिनींनी त्यांना बसायला सांगितले, पाणी दिले, आणि ते उठेपर्यंत एक अक्षर काढले नाही. पुढे दोन्ही देशांनी मिळून एक संयुक्त सूचना काढली, की चाचणीच्या वेळी आरोपीस पडद्यासमोर आणू नये. सूचना उत्तम आहे. बैल गेला आणि झोपा केला, या म्हणीचे इतके शुद्ध उदाहरण मी माझ्या विषयात दुसरे पाहिलेले नाही.

मी दादांना भेटलो तेव्हा त्यांना विचारले, ‘हो’ का म्हणालात. खोटे बोलवले नाही, शपथ होती, असे काही ते म्हणतील अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, “सामानघरात टोकन हरवलेला माणूस यायचा ना, त्याला मी विचारायचो, बॅगेत काय आहे सांगा. बरोबर सांगितलं तर बॅग त्याची. पण तो ओट्याशी उभा असताना मी चुकून बॅग उघडली, त्यानं आत डोकावून पाहिलं, तर? मग त्यानं सगळं बरोबर सांगितलं तरी उपयोग नाही. बॅग त्याचीच असली तरी नाही. अशी माणसं मी परत पाठवलीत. एक तर रडत गेला होता. आता माझ्यावर वेळ आली म्हणून मी काय म्हणू, नियम मूर्ख आहे?”

स्वयंपाकघरातून आवाज आला, “त्या बॅगांत कुणाचा भाऊ नव्हता.”

दादांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. म्हणाले, “तिचं बरोबर आहे.” आणि मग, “माझंही आहे. तेच तर जड जातं.”

ओळखीवाचून उरलेला पुरावा ऐकीव होता. २०१४ च्या उन्हाळ्यात पलीकडच्या न्यायालयाने प्रत्यार्पण नाकारले आणि कोठडीची मुदत संपल्यामुळे त्या माणसाला सोडून दिले. तो त्याच आठवड्यात तिथून निघून गेला, अर्थात सरळ. वकीलबाईंनी नवी विनंती तयार केली, ती वर गेली, आणि आडवी जाण्याआधीच त्यांची दुसऱ्या विभागात नेमणूक झाली. दूरचित्रवाणी संच घरी परत आला. वर्तमानपत्रही येऊ लागले. वहिनी पुढे मृतांच्या नातेवाइकांच्या संघटनेच्या चिटणीस झाल्या; सभेत त्या कडक बोलतात, फक्त साक्षीचा विषय निघाला की पाणी प्यायला उठतात. दादांची नजर २०१६ मध्ये पुरती गेली. थेंब अजून चालू आहेत, कारण आतला दाब वाढला की डोळे दुखतात, आणि ते अजूनही वहिनीच घालतात.

२०१९ साली तो माणूस तिसऱ्याच एका देशात बनावट पारपत्र बाळगल्याबद्दल दोषी ठरला. त्याला चौदा महिन्यांची शिक्षा झाली. त्या निकालपत्रात बसस्थानकाचा उल्लेख नाही.